दोन उजेडांचा मेळ

लग्नमुंजीच्या रंगीत छायाचित्रांचा एखादा जुना आल्बम चाळून पाहिला, तर त्यांत एक प्रकार हटकून आढळतो. रात्रींच्या वेळीं दिवाणखान्यांत किंवा मांडवांत फ्लॅश उडवून घेतलेल्या चित्रांत पुढें बसलेल्या मंडळींचे चेहरे पांढुरके, किंचित् निळसर व निस्तेज दिसतात. उलट त्यांच्या मागील भिंत, पडदे आणि तेथें उभी असलेली मंडळी हळदीच्या पाण्यांत बुचकळून काढल्याप्रमाणें पिवळी-तांबूस दिसते. समारंभाला प्रत्यक्ष हजर असलेल्या एकाही मनुष्याला असें विचित्र दृश्य दिसलेलें नसतें. वधू आणि तिच्या मागें उभी असलेली तिची मावशी या दोघी दोन निरनिराळ्या जगांत वावरत आहेत, असें त्या रात्रीं कोणालाच वाटलें नव्हतें. मग चित्रांतच हा प्रकार कोठून आला?

कोणी फिल्मला दोष देतो, कोणी ती धुणाऱ्या दुकानदाराला, तर कोणी कॅमेऱ्याला. वस्तुतः यांपैकीं कोणाचाच अपराध नसतो. एकाच चित्रांत दोन निरनिराळ्या रंगांचे उजेड एकत्र आले, आणि त्यांचा मेळ घालण्याचें काम कोणी केलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. हा मेळ कसा घालावा याचें एक साधें शास्त्र आहे, आणि तें समजून घेण्यास शाळेंतील भागाकारापलीकडे गणिताची जरूर लागत नाहीं.

हल्लीं बहुतेक चित्रें मोबाइलवर घेतलीं जातात, आणि चित्र बिघडलें तर तें तत्क्षणीं पडद्यावर दिसतें. फिल्मचें तसें नाहीं. एका गुंडाळींत ३६ चित्रें. तीं कशीं आलीं आहेत हें फिल्म धुऊन आल्यावरच कळावयाचें. तोंपर्यंत समारंभ आटोपलेला असतो. मुंजीचा बटु पुन्हां त्या वयाचा होत नाहीं, आणि आशीर्वादासाठीं हात उचललेली आजी पुढच्या कार्याला असेलच असें नाहीं. म्हणून फिल्मवर काम करणाऱ्यानें विचार आधीं करावयाचा असतो. शिवाय, एकाच चित्रांतील दोन रंगांच्या उजेडांची ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यालाही चुकलेली नाहीं. तेव्हां फिल्मच्या निमित्तानें जें शिकावयाचें तें इतरत्रही उपयोगी पडतें.

प्रथम डोळ्याची गोष्ट. मनुष्याचा डोळा एकटा काम करीत नाहीं. त्याच्या मागें मेंदू असतो. दुपारच्या उन्हांत कागद पांढरा दिसतो, आणि तोच कागद रात्रीं पिवळ्या बल्बखालीं धरला तरी पांढराच वाटतो. प्रकाशाचा रंग मोजणारें यंत्र लावून पाहिलें, तर रात्रींच्या कागदावरून परत येणाऱ्या प्रकाशांत निळा भाग फारच थोडा आणि तांबडा भाग पुष्कळ आहे, असें तें दाखवील. परंतु डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी सभोवारच्या प्रकाशाशीं जुळवून घेतात. ज्या रंगाचा मारा अधिक, त्या रंगाविषयींची त्यांची संवेदना मंदावते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस यांनीं १९०२ सालीं या जुळवणीचा नियम मांडला, आणि रंगविज्ञानांत तो आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

फिल्मला मेंदू नाहीं. पांढरा रंग म्हणजे कोणता, हें कारखान्यांत एकदां ठरविलें जातें, आणि तें ठरलेलें माप ती शेवटपर्यंत सोडीत नाहीं. हें माप कोणतें हें समजण्यासाठीं प्रकाशाचा रंग मोजतात कसा, तें पाहिलें पाहिजे.

लोहाराच्या भट्टींत लोखंडाचा तुकडा तापूं लागला म्हणजे तो प्रथम काळसर तांबडा होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि फारच तापला म्हणजे पांढरा दिसूं लागतो. याच अनुभवावर प्रकाशाच्या रंगाचें माप आधारलेलें आहे. एखादी आदर्श काळी वस्तु किती तापविली असतां ती अमुक रंगाचा प्रकाश देईल, तें तापमान म्हणजे त्या प्रकाशाचें रंग-तापमान. तें केल्विन या एककांत सांगतात. विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन (१८२४–१९०७), या शास्त्रज्ञाचें नांव त्या एककाला दिलेलें आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. चित्रकार ज्या तांबूस-पिवळ्या रंगांना उष्ण म्हणतात त्यांचें तापमान कमी असतें, आणि ज्या निळसर रंगांना थंड म्हणतात त्यांचें अधिक.

या मापानें समईच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीचा प्रकाश सुमारें १९०० केल्विनचा असतो. टंगस्टनच्या तारेचा घरगुती पिवळा बल्ब सुमारें २८५० केल्विन, आणि चित्रशाळांत वापरले जाणारे मोठे टंगस्टन दिवे ३२०० केल्विन. भर दुपारचें ऊन व आकाशाचा उजेड मिळून सुमारें ५५०० केल्विन होतात. आकाश ढगाळ असलें तर ६५०० ते ७०००. आणि निरभ्र आकाशाखालीं छायेंत उभें राहिलें, म्हणजे ८००० च्याही वर. समईपासून सावलीपर्यंतचा हा प्रवास माणूस दिवसांतून अनेक वेळां करतो, आणि त्याच्या डोळ्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

आतां फ्लॅश कोठें बसतो? फ्लॅशचा प्रकाश नेहमींच सारख्या रंगाचा होता असें नाहीं. १८८७ सालीं जर्मनींत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनीं मॅग्नेशियमची पेटणारी पूड तयार केली. तिचा लखलखाट मोठा असे, पण धूर आणि आगीचें भयही तितकेंच मोठें. १९२९ च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांत धातूची तार किंवा पातळ वर्ख जाळणारे फ्लॅश-बल्ब निघाले. त्यांतील साध्या कांचेच्या बल्बचा उजेड सुमारें ३८०० केल्विनचा, म्हणजे उन्हापेक्षां पिवळा असे. म्हणून उन्हासाठीं बनविलेल्या रंगीत फिल्मकरितां त्या बल्बवर निळा लेप देत. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश झेनॉन वायूच्या नळींतून विजेचा लोट सोडून चालतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत हॅरल्ड एजर्टन यांनीं केलेल्या कामामुळें तो छायाचित्रणांत रुळला. त्याचा प्रकाश ५५०० ते ६००० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो. बल्बच्या उजेडांत रंगलेल्या घरांत फ्लॅश उडविणें म्हणजे एका क्षणापुरती दुपार घरांत आणून सोडण्यासारखें आहे.

फिल्मचें ठरीव माप तिच्या रचनेंतच असतें. रंगीत फिल्मवर मुख्यतः तीन थर असतात. एक निळा प्रकाश टिपतो, दुसरा हिरवा व तिसरा तांबडा. ठराविक रंगाच्या उजेडांत तिन्ही थरांना योग्य तेवढें काम मिळेल अशी त्यांची संवेदना ठेवलेली असते. १९३५ सालीं लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की यांच्या शोधांतून कोडाक्रोम बाजारांत आली. पुढें तिचे उन्हाचा व दिव्यांचा असे वेगवेगळे प्रकार निघाले. कोडाक्रोमचें उत्पादन २००९ सालीं थांबलें. आज छायाचित्रांसाठीं मिळणाऱ्या बहुतेक रंगीत फिल्म ५५०० केल्विनच्या, म्हणजे उन्हाच्या मापाच्या आहेत. ३२०० केल्विनची फिल्म मुख्यतः चलच्चित्रांसाठीं तयार होते, आणि तिच्यापासून बनविलेली सिनेस्टिल ८०० टी ही फिल्म छायाचित्रकारही वापरतात.

खोलींत एकाच रंगाचा उजेड असेल तर प्रश्न सोपा असतो. उन्हाची फिल्म टंगस्टनच्या दिव्यांत वापरावयाची झाली, तर लेन्सवर ८०-ए क्रमांकाची निळी कांच लावावी. ती ३२०० केल्विनचा उजेड फिल्मपुरता ५५०० चा करून देते. उलट दिव्याची फिल्म उन्हांत वापरावयाची तर ८५-बी ही नारिंगी कांच लावावी. यांत किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. निळी कांच सुमारें दोन स्टॉप, म्हणजे चार भागांपैकीं तीन भाग प्रकाश अडवून धरते. नारिंगी कांच दोन तृतीयांश स्टॉप अडविते. निगेटिव्ह फिल्म असेल तर प्रत काढतांनाही रंग बराच सुधारतां येतो, कारण सबंध चित्रावर पिवळेपणा सारखाच पसरलेला असतो.

घोटाळा होतो तो दोन उजेड एकत्र आल्यावर. वधूच्या चेहऱ्यावर फ्लॅशचा ५५०० केल्विनचा प्रकाश, आणि मागच्या भिंतीवर बल्बचा २८५०. लेन्सवर निळी कांच लावली तर भिंत सुधारेल, पण वधूचा चेहरा निळा पडेल. कांच न लावली तर चेहरा ठीक, पण भिंत नारिंगी. प्रत काढणाऱ्यानें पिवळेपणा कमी केला तर चेहरा बिघडतो, चेहरा सांभाळला तर भिंत बिघडते. लेन्सवरची कांच काय किंवा छपाईंतील सुधारणा काय, दोन्ही सबंध चित्रावर सारख्याच चालतात. चित्राच्या एका भागाला एक औषध आणि दुसऱ्या भागाला दुसरें, असा भेद त्यांना करतां येत नाहीं. कितीही कुशल कारागीर असला तरी अशा चित्रांत तो तडजोडच करणार, आणि तडजोडींत बहुधा चेहऱ्याचा बळी जातो.

यावरून उपाय कोठें करावयाचा तें आपोआप ठरतें. तो लेन्सपाशीं करून भागत नाहीं, छपाईच्या टेबलावरही नाहीं. तो दिव्यापाशीं करावा लागतो. खोलींतील सगळे बल्ब बदलणें शक्य नसतें, पण फ्लॅश हा छायाचित्रकाराच्या हातांतला दिवा आहे. पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. छायाचित्रांतही फ्लॅश हा पाहुणा आणि खोलींतील उजेड हा यजमान. म्हणून फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी रंगाचा पारदर्शक पापुद्रा बसवावा. छायाचित्रकार त्याला जेल म्हणतात. पूर्ण नारिंगी जेल फ्लॅशचा ५५०० केल्विनचा उजेड सुमारें ३२०० चा करतें. आतां चेहरा व भिंत दोन्ही जवळजवळ एकाच रंगाच्या उजेडांत आलीं. सबंध चित्र पिवळसर झालें असेल, पण तें सारखें पिवळसर आहे. आणि सारखा दोष एका उपायानें जातो. लेन्सवर निळी कांच लावावी, दिव्याच्या मापाची फिल्म घालावी, किंवा निगेटिव्ह असेल तर प्रत काढतांना सुधारून घ्यावें.

जेल किती गडद हवें, हें ठरविण्याची एक सोपी रीति आहे. केल्विनच्या आंकड्यांची सरळ वजाबाकी करून भागत नाहीं, कारण २८०० आणि ३२०० यांतील फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो, तर ८००० आणि ८४०० यांतील फरक जाणवतही नाहीं. म्हणून १० लाखांना केल्विनच्या आंकड्यानें भागतात, आणि येणाऱ्या उत्तराला मायरेड म्हणतात. ५५०० केल्विनचे मायरेड १८२ होतात, ३२०० चे ३१३ आणि २८५० चे ३५१. या मापाची सोय अशी कीं, एखादें जेल कोणत्याही दिव्यावर लावलें तरी तें सारखेच मायरेड वाढवितें. पूर्ण नारिंगी जेल सुमारें १३१ वाढवितें, अर्धे नारिंगी जेल सुमारें ८१. निरनिराळ्या कारखान्यांच्या जेलांत हे आंकडे थोडे बदलतात. ते आंकडे कारखानदार स्वतःच जाहीर करतात, म्हणून जेल विकत घेतांनाच पाहून ठेवावेत.

घरगुती बल्बच्या उजेडांत हा हिशेब करून पाहतां येतो. फ्लॅश १८२, अधिक पूर्ण जेल १३१, मिळून ३१३. खोली ३५१. फरक उरला ३८ मायरेडचा; मागची भिंत चेहऱ्यापेक्षां किंचित् पिवळी दिसेल, आणि तेवढी ती दिसलेलीच बरी. अर्धे जेल लावलें तर फ्लॅश २६३ वर येतो आणि फरक ८८ उरतो. तेव्हां पार्श्वभूमींत घरच्या दिव्यांची ऊब स्पष्ट दिसते, पण ती हळदीच्या डागासारखी अंगावर येत नाहीं. जेल मुळींच न लावल्यास फरक १६९ चा, आणि जुन्या आल्बमांतील वधू व मावशी यांच्यांत पडलेलें अंतर हेंच.

ट्यूबलाइटचें प्रकरण थोडें निराळें आहे. तिच्यांत वस्तु तापून प्रकाश येत नाहीं. पाऱ्याच्या वाफेंतून निघणाऱ्या अदृश्य किरणांनीं नळीच्या आंतील लेप उजळतो. त्यामुळें तिच्या प्रकाशांत सगळे रंग सारख्या क्रमानें येत नाहींत. कांहीं रंग प्रखर, कांहीं जवळजवळ नाहींतच, असा प्रकार असतो. डोळ्यांना ती पांढरी दिसते, फिल्मवर मात्र बहुधा हिरवट छटा येते. अशा खोलींत फ्लॅशवर नारिंगी जेल लावणें व्यर्थ. तेथें फ्लॅशला हिरवें जेल लावून यजमानाच्या रांगेंत बसवावें, आणि मग लेन्सवर किरमिजी रंगाची कांच लावून सबंध चित्राचा हिरवटपणा काढावा. हिरवटपणा काढण्यासाठीं फ्लॅशवर हिरवाच रंग चढवावयाचा, हें प्रथम उलटें वाटतें. पण आधीं दोन उजेड एक करावयाचे आणि मग त्या एकाला सुधारावयाचें, हा क्रम ध्यानांत आला म्हणजे त्यांत नवल राहत नाहीं.

आज पुष्कळ घरांत बल्ब व ट्यूब या दोघांचीही जागा एलईडी दिव्यांनीं घेतली आहे. या दिव्यांत निळा प्रकाश देणारा एक कण असतो आणि त्यावरील पिवळ्या लेपामुळें एकंदर उजेड पांढरा होतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बाजारांत हे दिवे २७०० केल्विनपासून ६५०० केल्विनपर्यंत मिळतात, आणि आंकडा खोक्यावर छापलेला असतो. छायाचित्रकाराची यानें मोठीच सोय झाली आहे. ६५०० च्या पांढऱ्या दिव्यांच्या खोलींत फ्लॅशला जेल लावण्याचें सहसा कारण पडत नाहीं. अडचण येते ती एकाच दिवाणखान्यांत एक दिवा पिवळा व एक पांढरा असला म्हणजे. अशा वेळीं दोहोंपैकीं एक विझवावा. दोन यजमानांची मर्जी एकदम सांभाळण्याचा खटाटोप करूं नये.

रंगाचा मेळ बसला तरी दुसरा एक मेळ उरतो, तो उजेडाच्या प्रमाणाचा. फ्लॅश फार प्रखर असला तर पार्श्वभूमि काळोखांत बुडते, आणि मग तिचा रंग जुळला काय किंवा न जुळला काय, सारखेंच. येथें कॅमेऱ्याची एक खुबी उपयोगी पडते. फ्लॅशचा लखलखाट फार अल्पकाळ, पुष्कळदां सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. शटर १/६० सेकंद उघडें राहिलें काय किंवा १/१५ सेकंद राहिलें काय, फ्लॅशचा तेवढाच प्रकाश फिल्मवर पडणार. खोलींतील दिवे मात्र शटर उघडें असेपर्यंत आपलें काम करीत राहतात. म्हणून शटरची गति कमी केली कीं पार्श्वभूमि उजळते आणि फ्लॅशचें काम आहे तेवढेंच राहतें. लेन्सचें छिद्र लहानमोठें केलें तर मात्र दोन्ही उजेड एकदम कमीजास्त होतात. शटरला वरच्या बाजूनें मर्यादा आहे. पडद्याच्या शटरच्या कॅमेऱ्यांत ठराविक गतीपलीकडे फ्लॅशचा प्रकाश फिल्मच्या एका पट्ट्यावरच पडतो. पेंटॅक्स के-१००० मध्यें ही मर्यादा १/६० आहे. निकॉन एफएम-२ मध्यें ती प्रथम १/२०० होती व पुढें १/२५० झाली. खालच्या बाजूला तशी मर्यादा नाहीं, हात स्थिर पाहिजे इतकेंच.

एका प्रत्यक्ष उदाहरणानें हें सारें एकत्र पाहतां येईल. दिवाळींतील लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आहे. खोलींत पिवळे बल्ब लागलेले आहेत आणि पाटापाशीं समई तेवत आहे. कॅमेऱ्यांत ४०० संवेदनेची, उन्हाच्या मापाची निगेटिव्ह फिल्म आहे. मीटरनें पाहतां खोलीला एफ २.८ छिद्र व १/३० सेकंद लागतात. लेन्सवर निळी कांच लावावी तर दोन स्टॉप जाणार आणि शटर १/८ वर आणावें लागणार. पूजेला बसलेलीं माणसें तेवढा वेळ स्थिर राहत नाहींत. म्हणून कांच न लावतां रंगाची सुधारणा छपाईवर सोंपवावी, आणि फ्लॅशला पूर्ण नारिंगी जेल लावावें. फ्लॅशचा निर्देशांक १०० संवेदनेला ३२ मीटर आहे असें धरलें, तर ४०० ला तो दुप्पट, म्हणजे ६४ होतो. माणसें ४ मीटरवर असतील तर ६४ भागिले ४ म्हणजे एफ १६. छिद्र आपल्याला हवें आहे एफ २.८, म्हणजे पांच स्टॉप अधिक मोठें. तेव्हां फ्लॅशची ताकद १/३२ वर आणावी. जेल स्वतः सुमारें दोन तृतीयांश स्टॉप खातें, त्यामुळें फ्लॅश खोलीच्या उजेडाहून थोडा मंदच पडतो. हेंच इष्ट आहे. डोळ्यांखालच्या व हनुवटीखालच्या छाया भरून निघतात, पण उजेड घरचाच वाटतो. दोन्ही उजेड मिळून मीटरच्या हिशेबाहून थोडा अधिक प्रकाश पडेल. निगेटिव्ह फिल्मला तो मानवतो, इतकेंच नव्हे तर पिवळ्या उजेडांत उपाशी राहणाऱ्या निळ्या थराला त्यानें आधारच मिळतो. तो थर उपाशी राहिला, तर छपाईंत कितीही सुधारणा केली तरी चित्राच्या छायेंत रवाळ, मळकट रंग उतरतो.

फ्लॅशचें तोंड सरळ न ठेवतां छताकडे वळविलें तर उजेड अधिक मऊ पडतो. मात्र छत पांढरें आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें. पिस्त्याच्या रंगाच्या किंवा गुलाबी भिंतीवरून परतलेला उजेड तोच रंग बरोबर घेऊन येतो, आणि नारिंगी जेलाची सारी मेहनत फुकट जाते.

समईच्या ज्योतीचें मात्र निराळें आहे. तिचे मायरेड ५२६ होतात. जेल लावलेल्या फ्लॅशपासूनही ती २१३ नें दूर आहे. हें अंतर भरून काढण्याच्या भरीस पडूं नये. ज्योत पांढरी झाली तर ती समईची ज्योत राहत नाहीं. माणसांचे चेहरे आणि खोली यांचा मेळ बसला म्हणजे ज्योतीचें आणि तिच्याजवळच्या पितळेचें सोनेरीपण चित्रांत शोभून दिसतें. त्याचप्रमाणें, संध्याकाळीं खिडकीबाहेरचें आकाश चित्रांत येत असेल आणि फिल्म दिव्याच्या मापाची असेल, तर जेल लावलेल्या फ्लॅशनें चेहरे स्वाभाविक येतात आणि बाहेरचें आकाश गडद निळें उतरतें. हा फरक डोळ्यांना खुपत नाहीं, कारण घरांत दिवे लागलेले असतांना बाहेर निळी सांज असणें हा नित्याचा अनुभव आहे. चेहऱ्यावर एक रंग आणि खांद्यावर दुसरा, असें मात्र कोणी कधीं पाहिलेलें नसतें.

शेवटचा टप्पा प्रत काढणाऱ्याचा. त्यानें तो समारंभ पाहिलेला नसतो. खोलींत कोणता उजेड होता आणि कोणाचा वर्ण कसा होता, हें त्याला ठाऊक नसतें. छपाईच्या यंत्रांचे रंग जुळविण्यासाठीं कोडक कंपनी दुकानांना जें नमुन्याचें चित्र पुरवीत असे, त्यांत कित्येक वर्षें गौरवर्णी स्त्रीच असे. तेथून ‘शर्ली कार्ड’ हें नांवच त्या नमुन्याला पडलें. अशा मापानें गहूंवर्णी व सांवळ्या चेहऱ्यांना न्याय मिळणें कठीण होतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे नमुने प्रचारांत आले. सांवळ्या वर्णांत तांबूस व पिवळ्या रंगाचा अंश मोठा असतो. निळसर उजेडांत तोच आधीं मारला जातो आणि चेहरा राखाडी दिसतो. यावर छायाचित्रकाराला करण्यासारखी गोष्ट अगदीं सोपी आहे. खोलींतील उजेड व जेल लावलेला फ्लॅश दोन्ही पडतील अशा जागीं एक राखाडी रंगाचें कार्ड धरून गुंडाळींतलें पहिलें चित्र त्याचें घ्यावें, आणि हें कार्ड राखाडी येईल अशा बेतानें बाकीचीं चित्रें काढावींत, असें दुकानदाराला सांगावें. ३६ मधील एक चित्र खर्ची पडतें, पण उरलेल्या ३५ चित्रांना बिनचूक माप मिळतें.

सारांश, काम थोडकें आहे. खोलींत गेल्याबरोबर यजमान कोण, बल्ब कीं ट्यूब कीं एलईडी, हें पाहावें. फ्लॅशला त्याच्या रंगाचें जेल लावावें. शटर मंद ठेवून घरच्या उजेडाला त्याचा वांटा द्यावा, आणि फ्लॅशला थोडें मागेंच ठेवावें. मग सबंध चित्राचा रंग एकदांच सुधारावा. नारिंगी जेलाचा तुकडा पोस्टकार्डाहूनही लहान असतो आणि खिशांत मावतो. पण तो लावलेला असला म्हणजे वधू आणि मावशी एकाच मांडवांत, एकाच रात्रीं उभ्या असलेल्या दिसतात. पुढें ज्यांच्या हातीं तो आल्बम येईल, त्यांतील बहुतेकांनीं ती रात्र पाहिलेली नसेल. त्यांच्यापुरती ती त्या चित्रांत दिसेल तशीच असणार.